मंत्री आपला, पण उसाचे खाते कोणाचे?

सभासद बंधू-भगिनींनो,

९ जून २०२४, रविवारची संध्याकाळ. दिल्लीत राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात केंद्रीय मंत्रिमंडळाचा शपथविधी चालू होता आणि इकडे आमच्या चौकातल्या पानठेल्यावर आम्ही सात-आठ जण टीव्हीपुढे उभे होतो. गाळप केव्हाच आटोपलेले, पाऊस यायचा होता, म्हणून सगळ्यांना सवड. एकेक नाव पुकारले जाई तसा आमचा हिशोब चाले.

"विदर्भाचे किती झाले हो?"

"दोन. आपले गडकरी साहेब अन् बुलढाण्याचे प्रतापराव जाधव."

"बस, दोनच? अन् गोंदियाचे प्रफुल्लभाई?"

"त्यांच्या पक्षाले स्वतंत्र कारभाराचं राज्यमंत्रिपद देत होते म्हणे. त्यांनी घेतलं नाही. आधी कॅबिनेट होते न ते!"

पंतप्रधान धरून ७२ जणांनी शपथ घेतली. कोणत्या जिल्ह्याचा कोण, कोणत्या समाजाचा कोण, कोणाचा पत्ता कटला, याची चर्चा रात्री दहापर्यंत रंगली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खातेवाटप जाहीर झाले, तेव्हा मात्र त्या ठेल्यावर कोणीही थांबलेले नव्हते. मीही नव्हतो. नेमके यावरच आज चार शब्द लिहायचे आहेत.

आपण ऊस लावणारी माणसे. मंत्रिमंडळ बनते तेव्हा आणि त्यात फेरबदल होतो तेव्हा आपण माणसे मोजतो, खाती पाहत नाही. शपथ हा समारंभ आहे. कारभार खात्यातून चालतो. याचे उदाहरण आपल्या नागपुरातच घडले. १५ डिसेंबर २०२४ रोजी येथील राजभवनात राज्याच्या ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली. नागपुरात असा शपथविधी १९९१ नंतर पहिल्यांदाच झाला, त्यामुळे शहरभर कमानी, फलक, गुलाल. पण खाती मिळाली २१ तारखेला, अधिवेशन आटोपल्यावर. म्हणजे अख्खे हिवाळी अधिवेशन बिनखात्याच्या मंत्र्यांनी काढले. गाडीला लाल दिवा असो वा नसो, खाते नसलेल्या मंत्र्याच्या टेबलावर फाईल येत नाही, आणि फाईल येत नाही तिथे आपले कामही होत नाही.

दिल्लीचे गणितही असेच आहे. मंत्री किती असावेत यावर २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मर्यादा घातली आहे: लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या शेकडा १५, म्हणजे ८१. पण खाती किती असावीत, कोणते खाते कोणाला जोडावे, कोणाचे तोडावे, यावर तशी मर्यादा नाही. तो पंतप्रधानांचा अधिकार. कोणते काम कोणत्या खात्याचे, हे १९६१ च्या कामकाज वाटप नियमांत लिहिलेले असते आणि त्यात वेळोवेळी बदल होतात. हे कागद आपल्यापर्यंत येत नाहीत, पण आपल्या उसाचे बिल त्यांतूनच ठरते.

आता आपल्या उसाची फाईल कोणाकोणाकडे फिरते ते पाहा. उसाचा रास्त व किफायतशीर दर, ज्याला आपण एफआरपी म्हणतो, त्याची शिफारस करतो कृषिमूल्य आयोग. तो कृषी खात्याचा. प्रस्ताव मांडते अन्न खाते. शिक्कामोर्तब करते पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची आर्थिक व्यवहारविषयक मंत्रिमंडळ समिती. साखरेचा किमान विक्रीदर आणि महिन्याला किती साखर विकायची तो कोटा अन्न खात्याकडे. साखर परदेशी पाठवायची तर अन्न खात्याबरोबर वाणिज्य खातेही आले. इथेनॉल विकत घेणार तेल कंपन्या, म्हणजे पेट्रोलियम खाते. राष्ट्रीय सहकार विकास निगमाचे कर्ज हवे तर सहकार खाते. प्राप्तिकराची नोटीस आली तर अर्थ खाते. आणि कारखान्याची निवडणूक, गाळप परवाना, थकबाकीची वसुली हे सारे राज्याकडे. तिथे पुण्याचे साखर आयुक्त. एका बंडीला सहा कासरे, आणि प्रत्येक कासरा वेगळ्या हातात. बैलांनी जावे तरी कुठे?

हे नुसते बोलणे नव्हे. ७ डिसेंबर २०२३ ही तारीख आठवा. त्याच दिवशी नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले. राज्याचे सारे मंत्री, सहकारमंत्री धरून, आपल्या शहरात मुक्कामाला. आणि त्याच दिवशी दिल्लीत अन्न खात्याने आदेश काढला की, २०२३-२४ च्या हंगामात उसाचा रस आणि पाक इथेनॉलसाठी वापरायचा नाही. गव्हाणीत मोळ्या पडू लागल्या होत्या, कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारल्या होत्या, तेल कंपन्यांशी करार झाले होते. वर्षानुवर्षे "इथेनॉल करा, इथेनॉल करा" असा उपदेश ऐकून घेतलेले हे लोक. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट सरकारनेच २०३० वरून २०२५ वर अलीकडे आणले होते. एका खात्याने बोलावले आणि दुसऱ्या खात्याने दारातच अडवले!

विधिमंडळात आरडाओरडा झाला, शिष्टमंडळाच्या गोष्टी झाल्या. पण नागपुरात जमलेल्या शंभर लाल फितींना जे उलटवता येत नव्हते, ते दिल्लीच्या एका खात्याने आठवड्याने थोडे सैल केले. १५ डिसेंबरला १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत इथेनॉलला परवानगी मिळाली. पूर्ण बंधन उठले ते २९ ऑगस्ट २०२४ रोजी, पुढच्या हंगामासाठी. तोवर आमचा तो हंगाम गेला तो गेलाच.

यात अन्न खात्याचा दोष किती? खरे सांगायचे तर त्या खात्याने आपला धर्म पाळला. त्या मंत्रालयाचे पूर्ण नाव ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण असे आहे. ज्याच्या नावातच ग्राहक पहिला, त्याने शहरातल्या चहाच्या कपाची काळजी आधी करावी यात नवल नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात, कर्नाटकात पाऊस कमी झाला होता, साखर कमी पडेल अशी भीती होती, निवडणूकही तोंडावर होती. उत्पादकाचे नाव त्या पाटीवर नाही, हे आपणच विसरतो.

किमान विक्रीदराचेही तेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो किलोला ३१ रुपये झाला आणि पुढची पाच वर्षे तो आकडा हलला नाही. एफआरपी मात्र वाढत गेली. २०२४-२५ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये, म्हणजे टनाला ३४००. आता पेन्सिल घ्या. १०.२५ उताऱ्याने टनाला साखर निघते १०२.५ किलो. ३१ रुपयांनी तिचे झाले ३१७७ रुपये ५० पैसे. म्हणजे किमान दराने साखर विकली तर उसाचे पैसेसुद्धा निघत नाहीत. मजुरी, कोळसा-बारदान, व्याज ही तर पुढची बात. बाजार वर असतो तोवर निभावते. बाजार बसला की चौदा दिवसांत द्यायचे बिल चार महिन्यांवर जाते, आणि आपण कारखान्याच्या गेटवर जाऊन चेअरमनला शिव्या देतो. उसाचा दर वाढवणारी फाईल आणि साखरेचा दर थांबवणारी फाईल, दोन्ही एकाच सरकारात. साखरेला भाव वाढवून द्यायचा नाही आणि रसाचे इथेनॉलही करू द्यायचे नाही: आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

कोणी म्हणेल, आपले नागपूरचे खासदार तर इथेनॉलचे मोठे कैवारी. खरेच आहे. नितीन गडकरी हे २०१४ पासून आपले खासदार, तेव्हापासून केंद्रात रस्ते वाहतूक खाते सांभाळत आले. इथेनॉलवर धावणारी मोटार त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत लोकांपुढे आणली. त्यानंतर चारच महिन्यांत रसावर बंदी आली! मोटार त्यांच्या खात्याची, इंधन पेट्रोलियमचे, रसाची परवानगी अन्न खात्याची आणि ऊस आमचा. माणूस आपला, तळमळही खरी, पण तो कासरा त्यांच्या हातात नाही.

फेरबदलाचा फटका कसा बसतो तेही सांगतो. ७ जुलै २०२१ च्या मोठ्या फेरबदलात ४३ जणांनी शपथ घेतली. महाराष्ट्राचे चार नवे चेहरे आले म्हणून आपण खूश. अकोल्याचे संजय धोत्रे गेले म्हणून हळहळलो. पण जालन्याचे रावसाहेब दानवे, जे तोवर अन्न व ग्राहक खात्याचे राज्यमंत्री होते, म्हणजे साखरेच्या फाईलजवळ बसलेला मराठवाड्याचा शेतकरी माणूस, ते रेल्वेत गेले, याची आपल्या पट्ट्यात किती जणांनी दखल घेतली? रेल्वे दिसते, साखर संचालनालय दिसत नाही.

त्याच फेरबदलाच्या आदल्या दिवशी सहकाराचे स्वतंत्र खाते निघाले. पहिल्यांदाच, असे पेपरांत आले. पण सहकार हे कृषीपासून तोडून सामुदायिक विकास खात्याला जोडले गेले होते ते १९५८ च्या अखेरीस, आणि त्यानंतर लगेच १९५९ च्या जानेवारीत आपल्याच नागपुरात काँग्रेसच्या अधिवेशनात सहकारी शेतीचा गाजलेला ठराव झाला. संयुक्त शेती काही उभी राहिली नाही. उभे राहिले ते साखर कारखाने, आणि त्यांची सुरुवात प्रवरेला त्याआधीच झाली होती, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या कष्टाने. पुढे सहकार पुन्हा शेती खात्यात गेले, आणि २०२१ मध्ये पुन्हा वेगळे झाले. याउलट २००४ पासून जानेवारी २०११ पर्यंत कृषी आणि अन्न ही दोन्ही खाती शरद पवारांकडे एकत्र होती. बरेवाईट कोणी काहीही म्हणो, तेव्हा निदान विचारायचे कोणाला हे ठाऊक होते. मग त्या फेरबदलात अन्न वेगळे काढून दुसऱ्याकडे दिले गेले.

नव्या सहकार खात्याचा उपयोग झाला नाही, असे मी म्हणत नाही. उसाला जास्त दिलेला भाव नफा धरून त्यावर कर मागण्याचे जुने दुखणे होते. २०१६-१७ पूर्वीची ती रक्कम खर्च म्हणून धरण्याची सोय १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात झाली. सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा. वजनदार मंत्र्याने प्रश्न लावून धरला, हे खरे. पण कलम लिहिले अर्थ खात्याने. आणि सहकारी संस्था हा घटनेने राज्यांचा विषय आहे. नवे खाते निघून पंधरा दिवस झाले नाहीत तोच, २० जुलै २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयाने ९७ व्या घटनादुरुस्तीच्या निकालात तेच बजावले. तेव्हा पाटीवर सहकार लिहिले म्हणून सारे तिथेच मिळेल, अशा भ्रमात राहू नये.

मग आपण करायचे काय? आपल्या वार्षिक सभेत ठराव होतात: "केंद्र सरकारने साखरेला योग्य भाव द्यावा." टाळ्या, मंजूर, चहा-चिवडा. तो ठराव जातो "मा. केंद्र सरकार, नवी दिल्ली" या पत्त्यावर. बंधूंनो, असा पत्ता असलेले घर दिल्लीत नाही. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, तो आपलाच.

माझ्या तीन सूचना आहेत. एक, ठराव एका विषयाला एक असावा आणि त्यावर नेमक्या खात्याचे नाव असावे. दोन, दर फेरबदलानंतर याच वार्तापत्रात एक चौकट छापावी: एफआरपी, साखरदर, निर्यात, इथेनॉल, कर्ज, कर, प्रत्येकापुढे खाते आणि मंत्री. संचालक मंडळाने पत्रव्यवहाराचे काय झाले ते पुढच्या सभेत वाचून दाखवावे. तीन, आपल्या भागाच्या मंत्र्याला हार घालताना एक प्रश्नही विचारावा. घटनेप्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. तेव्हा "ते माझं खातं नाही" हे उत्तर अधिकाऱ्याला शोभते, मंत्र्याला नाही. विचारायचे ते हे: "साहेब, खातं तुमचं नसेल, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत खुर्ची तर आहे. उसाचा विषय निघाला तेव्हा तुम्ही काय बोललात?"

विदर्भात सहकारी कारखाने एकामागून एक बंद पडले, विकले गेले. ते सारे दिल्लीच्या खातेवाटपाने बुडाले असे म्हणणे खोटे ठरेल. आपल्या घरच्या चुका पुष्कळ आहेत, त्यावर पुन्हा कधीतरी. पण जे उरले आहेत त्यांच्या सभासदाने एवढे तरी शिकावे. पुढचा शपथविधी होईल, तेव्हा पानठेल्यावर पुन्हा जमूच. पण दुसऱ्या दिवशीही जमू या, खातेवाटप ऐकायला.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
नागपूर