टाकीतले लाकूड आणि दारातली नदी

दिवाळीच्या सुटीत आमच्या आठवीतल्या नातवाने कासाडी नदीच्या काठावरून एक वाकडेतिकडे लाकूड उचलून आणले. "आजोबा, दुकानात असलं लाकूड वजनावर विकतात. हे फुकट मिळालं! माशांच्या टाकीत घालूया?" लाकूड खरेच देखणे होते. पण मी नको म्हटले आणि पोराचा चेहरा उतरला.

माझा जन्म बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेला. तारण कितीही चकचकीत असले, तरी ते आले कुठून हे आधी पाहायचे, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. लाकूड तर पाणी पिणारी वस्तू. ज्या पाण्यात ते भिजते, त्यातले बरेच काही आत मुरते आणि पुढे टाकीत हळूहळू सुटते. कासाडी येते ती तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच भागात चक्क निळे झालेले कुत्रे फिरताना दिसले आणि ती बातमी जगभर गेली. माती उकळल्याने निघते, जंतू मरतात. रसायने निघतीलच याची हमी कोण देणार?

मग खाडीवरचे आणावे का? तेही नको. खारफुटीच्या तोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली आहे. शिवाय चिखलात पडलेला ओंडका म्हणजे खेकड्यांचे घर. आणि त्यात मुरलेले मीठ गोड्या पाण्यातल्या माशांना सोसायचे नाही.

शेवटी आम्ही दोघे नेऱ्याच्या बाजूला गेलो. माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी नदी तिथे अजून कारखान्यांपासून दूर आहे. एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधाला पुरात अडकलेले एक लाकूड घेतले. नख रुतले तर लाकूड कुजके, ओला चीक दिसला तर कच्चे, दोन्ही टाकाऊ. आमचे टणक आणि पूर्ण वाळलेले होते.

घरी आल्यावर साल सोलली, ताठ ब्रशने नुसत्या पाण्याने घासले. साबण अजिबात लावायचा नाही. स्वयंपाकातून बाद केलेल्या पातेल्यात दोन तास उकळले. पाणी कोऱ्या चहासारखे झाले. नातू घाबरला, पण तो लाकडातला तुरटपणा, हिरड्यात असतो तसा. माशांना त्याचा त्रास नसतो. मग लाकूड बादलीत दगडाखाली दाबून ठेवले आणि रोज पाणी बदलले. ते आपणहून बुडायला तीन आठवडे लागले. टाकीत गेल्यावर त्यावर पांढरी, बुळबुळीत साय धरली. तीही निरुपद्रवी, गोगलगायींनी ती संपवली. सुटीत मुलांना गुंतवायचे कसे, असे विचारणाऱ्या आईबापांना मी हा उद्योग जरूर सुचवीन. तयार प्लास्टिकचे झाड आणून पोराला तीन आठवडे वाट पाहायला शिकवता येत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. लाकूड बुडाले त्या दिवशी नातू म्हणाला, "आजोबा, ते लाकूड आपल्या माशांना चालत नाही, मग कासाडीतल्या माशांचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन फुटी टाकीसाठी मी इतकी चौकशी केली, आणि घराजवळून वाहणाऱ्या नदीसाठी इतक्या वर्षांत एक अर्जही लिहिला नाही. आपण कळंबोलीकर वास आला की खिडकी लावून घेतो आणि नदीचा विषय तिथेच संपवतो. मी नातवाला एक जुनी वही दिली. दर रविवारी पुलावरून पाण्याचा रंग, वास आणि वेळ तो लिहितो. पाणी रंगीत दिसले की प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तारीखवार तक्रार करायची, ते काम माझे. प्रत्येक सोसायटीतून अशी एक वही निघाली, तर "आम्हाला कुणी कळवलेच नाही" असे म्हणायची सोय कुणालाच उरणार नाही.

कासाडीचे ते लाकूड अजून गॅलरीत पडून आहे. नातू ते टाकू देत नाही.