सातबारा पाच लाख एकरांचा

आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलाने परवा विचारले, "काका, अमेरिकेत म्हणे एकटा माणूस अख्खा तालुका विकत घेतो. शिकार करायला, हवा खायला आणि गुरे चारायला. खरे का हे?"

खरे आहे. फक्त एक तालुका नव्हे, आपल्याकडचे साधारण दोन तालुके बसतील एवढी जमीन. टेक्सस राज्याच्या उत्तर भागात वॅगनर रँच नावाचे कुरण आहे. रँच म्हणजे गुरे पाळण्यासाठी राखलेली अफाट जमीन. ही रँच पाच लाख एकरांहून मोठी, म्हणजे २,००० चौरस किलोमीटरच्या वर. आपली बृहन्मुंबई तीनदा मावेल आणि वर जागा उरेल. सहा जिल्ह्यांत पसरलेली ही जमीन सलग, एकाच कुंपणाच्या आत. २०१४ साली ती विक्रीस निघाली तेव्हा मागितलेली किंमत होती साडेबहात्तर कोटी डॉलर. त्या वेळच्या दराने चार हजार कोटी रुपयांच्या वर. २०१६ साली स्टॅन क्रोंकी या धनिकाने ती घेतली. नेमकी किती रकमेला घेतली ते जाहीर झाले नाही. इंग्लंडचा अर्सेनल हा फुटबॉल क्लब याच गृहस्थांच्या मालकीचा, आणि त्यांची पत्नी वॉलमार्ट दुकानांच्या वॉल्टन घराण्यातली.

मूळ मालक वॅगनर घराणे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डॅन वॅगनर यांनी गुरांचा धंदा सुरू केला, मुलगा डब्ल्यू. टी. वॅगनर याने तो वाढवला. पण त्यांच्याही आधी या मुलुखात कोमांची लोक गवे मारून जगत होते. १८७४-७५ च्या लढाईनंतर त्यांना रेड नदीपलीकडच्या राखीव प्रदेशात कोंडले गेले. मग तिथली त्यांची जमीनसुद्धा वॅगनरसारख्या गुरांच्या धनिकांनी चराईसाठी भाड्याने घेतली! पुढे सरकारने तीही तोडून वसाहतवाल्यांना वाटली. ज्यांची शिकार हे पोट होते ते गेले, आणि ज्यांची शिकार ही हौस आहे ते आले. विसाव्या शतकाच्या आरंभी रँचवर गुरांसाठी पाण्याची विहीर खणताना तेल लागले, आणि घराणे अधिकच गब्बर झाले. १९९१ साली वारसांत दावा सुरू झाला. एका बाजूला विकायचे होते, दुसरीला नव्हते. वीस वर्षांहून अधिक काळ कोर्टकचेरी चालली आणि अखेर जमीन बाजारात आली.

आता एवढी जमीन घेऊन माणूस करतो काय? आम्ही पडलो कारकून, जमाखर्च पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. विक्रीच्या वेळी रँचवर सुमारे ६,८०० गुरे होती. म्हणजे एका जनावरामागे पंचाहत्तर एकर! कोरडा मुलूख, गवत विरळ, त्यात २०११ चा भयंकर दुष्काळ होऊन गेलेला. निव्वळ गुरांच्या जिवावर मागितलेली किंमत कधी वसूल व्हायची नाही. तेलाच्या हजारांवर विहिरी होत्या, पण तिथे जमिनीचा वरचा हक्क वेगळा आणि पोटातल्या खनिजाचा वेगळा विकला जातो. जमीन घेतली म्हणजे तेल आपलेच असे नाही.

राहिली शिकार. हा हिशेब मोठा गमतीचा आहे. टेक्ससच्या कायद्याने रानातले हरीण जमीनमालकाचे नसते, ते राज्यातील जनतेचे असते. शिकाऱ्याला परवाना राज्याकडून घ्यावा लागतो. पण हरणापर्यंत जायची वाट मालकाच्या जमिनीतून जाते, आणि टेक्ससमधली बहुतेक सगळी जमीन खासगी आहे. म्हणून मालक शिकाऱ्यांना हंगामापुरती जमीन भाडेपट्ट्याने देतो. तो हरीण विकत नाही, फाटक उघडण्याचे पैसे घेतो. कित्येक रँचवर गुरांपेक्षा हीच कमाई जास्त भरते.

मग गुरे ठेवतात कशाला? करासाठी. जमिनीवर गुरे चरत असतील तर तिथे कर बाजारभावावर न बसता चराईच्या उत्पन्नावर बसतो. १९६६ पासून ही सवलत आहे. शेतकरी करापायी बुडू नये हा हेतू चांगला होता. १९९५ साली वन्यजीव जोपासणाऱ्या जमिनीलाही ती मिळाली. पण अब्जाधीशही त्याच खिडकीतून आत येतो, आणि त्याच्या कुरणावरच्या चार गायी त्याचा कर वाचवीत चरत असतात.

आपल्याकडे असे का होत नाही, असे त्याच मुलाने विचारले. महाराष्ट्रात १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आहे. १९७५ च्या दुरुस्तीनंतर एका कुटुंबाला कोरडवाहू जमीन ५४ एकरांपर्यंतच ठेवता येते, आणि बारमाही बागायत त्याहून पुष्कळ कमी. जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहसा विकतही घेता येत नाही. शिकारीवर तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदीच आहे. या कायद्यांना पळवाटा किती आणि त्या कोणी वापरल्या हे गावोगावच्या भूमिहीनांना ठाऊक आहे. तरी कागदावर मर्यादा आहे, म्हणून निदान भांडता तरी येते. टेक्ससमध्ये मर्यादाच नाही.

मर्यादा नसली की काय होते ते डायव्हर्जन तलावाच्या काठी दिसले. वॅगनर रँचच्या हद्दीत या तलावाकाठी कित्येक कुटुंबांची घरे होती. लाकडी घरे, चाकांवरची घरे. त्यांत निवृत्त म्हातारी माणसेही होती, मासे धरीत शेवटचे दिवस काढायला आलेली. घर त्यांच्या पैशाचे, पण खालची जागा रँचची, भाड्याची. जुन्या मालकांच्या काळात भाडे भरले की प्रश्न नव्हता. विक्रीनंतर सहा महिन्यांत, ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांना पत्रे आली: ३१ जानेवारी २०१७ पर्यंत जागा खाली करा. घर उचलून नेता येत असेल तर न्यावे, नाहीतर सोडून जावे. कायद्याने मालक चुकला नव्हता, भाडेपट्टाच तसा होता. रस्त्याकडेच्या सरकारी जागेत किंवा गायरानात भिंत उभी केलेल्या आमच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको. विटा आपल्या आणि जमीन दुसऱ्याची, ही झोप कशी असते ते आपल्याला माहीत आहे. म्हणून घराला रंग देण्याआधी सातबाऱ्यावर नाव कोणाचे आणि इतर हक्कात काय लिहिले आहे ते तलाठ्याकडे जाऊन पाहावे, आणि भाड्याच्या पावत्या ट्रंकेत जपाव्यात.

क्रोंकींची दुसरी मोठी रँच कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहे. नाव डग्लस लेक. ती त्यांनी २००३ साली घेतली. तिच्या पोटात मिनी आणि स्टोनी अशी दोन तळी आहेत. तळी सरकारी, मासे सरकारी, पण भोवतालची जमीन रँचची आणि वाटेवर कुलूप. जवळच्या निकोला व्हॅलीतला मासे धरणाऱ्या साध्या लोकांचा क्लब आणि रँच कंपनी कोर्टात उभे राहिले. २०१८ साली क्लबच्या बाजूने निकाल लागला.

हे वाचताना आपल्या लोकांना महाडचे तळे आठवेलच. १९२४ साली नगरपालिकेने ते सर्वांना खुले केले होते, तरी पाणी मिळाले नाही. त्यासाठी १९२७ चा सत्याग्रह करावा लागला आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ उजाडता मिळाला. पण दोन्ही गोष्टी एक मानू नयेत. महाडला वाट मोकळी होती, माणूस अडवला होता. कॅनडात कोणाची जात विचारली नाही, वाट अडवली.

२०२१ साली वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. तळे जनतेचे असले तरी खासगी जमीन ओलांडून तिथपर्यंत जाण्याचा हक्क जनतेला नाही, तसा हक्क द्यायचा असेल तर तो विधिमंडळाने कायदा करून द्यावा, हे कोर्टाचे काम नव्हे, असे न्यायाधीशांनी सांगितले.