हिशेबाची दुसरी प्रत

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या सखल वस्त्यांत शिरले. भिजलेल्या मालाची भरपाई विम्यातून मिळू शकते. भिजलेल्या संगणकातील येणे-देणे मात्र कोणतीही विमा कंपनी परत देत नाही.

ज्या कुटुंबांची पेढी शहरात आणि कारखाना कागल पंचतारांकित एमआयडीसीत आहे, त्यांना उपाय सोपा आहे. पेढीच्या हिशेबाची प्रत कारखान्यात ठेवावी, कारखान्याची पेढीवर.

कोऱ्या सीडीवर सुमारे ७०० एमबी, तर साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी माहिती मावते. ‘आर’ प्रकारच्या तबकडीवरील मजकूर पुसून पुन्हा लिहिता येत नाही; हिशेबाच्या दृष्टीने हा गुणच होय. नव्या लॅपटॉपला बहुधा ड्राइव्ह नसतो. तो यूएसबीने बाहेरून जोडता येतो. प्रथम हिशेबाचा प्रोग्राम बंद करावा, फाइली ‘बर्न’ कराव्यात, पडताळणीचा पर्याय निवडावा आणि तबकडी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न वटवलेला धनादेश!

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. ऊन आणि उष्णता यांनी तबकडीवरील रंगद्रव्याचा थर खराब होतो. म्हणून ती कपाटात उभी ठेवावी, वर्ष मऊ टोकाच्या पेनाने लिहावे आणि काही वर्षांनी नवी प्रत काढावी.

वाचकहो, मार्चअखेर ताळेबंदावर सही होईल, त्याच दिवशी हे काम उरकावे.