कर्त्या माणसाची ट्रंक

हे वाचून आमच्या भावकीतले दोघे-तिघे माझ्यावर रागावणार आहेत, हे मला माहीत आहे. रागवा. पण आधी शेवटपर्यंत वाचा आणि मग फोन करा.

आपल्याकडे घरातला कर्ता माणूस पैशाचा सगळा व्यवहार झाकून ठेवतो आणि आपण त्याला शहाणा म्हणतो. "त्यांच्या पोटातलं ओठावर येत नाही" असं कौतुकाने सांगतो. पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक, तिला कुलूप आणि किल्ली करगोट्याला किंवा जानव्याला. ट्रंकेत काय आहे ते बायकोला माहीत नाही, मुलांना माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर सत्तरी ओलांडल्यावर त्याला स्वतःलाही धड माहीत नसतं. माझ्या मते यात शहाणपण काही नाही. घरच्यांवर केलेला हा अन्याय आहे आणि तो आपण पुरुष पिढ्यान् पिढ्या बिनबोभाट करत आलो आहोत.

आमच्या जालना जिल्ह्यातलं एखादं खाऊनपिऊन सुखी घर डोळ्यांपुढे आणा. दहा-बारा एकर रान, कापूस, सोयाबीन, थोडी मोसंबी. पीककर्जाचं खातं एका बँकेत. २०१४ साली जनधन आलं म्हणून दुसऱ्या बँकेत शून्य रकमेचं खातं. पोराच्या शिष्यवृत्तीसाठी तिसरं. तालुक्याच्या पतसंस्थेत जास्त व्याजाची पावती, बाजारपेठेतल्या दुकानदाराच्या आग्रहाने पिग्मी, पोस्टात आरडी. मेहुणा विम्याचा एजंट झाला म्हणून दोन पॉलिसी, त्यातली एक हप्ते थकल्यामुळे बंद पडलेली. आडत्याकडे मागच्या हंगामाचे राहिलेले पैसे, साडूला दिलेले हातउसने आणि कुणाला सांगायचं नाही असं एक सावकाराचं देणं. हा सगळा पसारा एका माणसाच्या डोक्यात! आणि त्या माणसाला रक्तदाब आहे.

इतकी खाती करून मिळतं काय? २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका बँकेत चकरा मारून दमल्या. "पैसे पडले म्हणतात, पण माझ्या खात्यात तर नाहीत." पैसे पडलेले होते, पण आधार जोडलेल्या भलत्याच खात्यात. ते खातं कधी उघडलं, त्याचं पासबुक कुठे आहे, हे नवऱ्याला विचारायचं आणि नवरा म्हणणार, "बघतो." सरकारी पैसा आता आधार ज्या खात्याला जोडलंय तिथेच जातो. खाती पाच असली तरी जोडलेलं एकच असतं, आणि ते कुठलं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.

घनसावंगी तालुक्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगतो, त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी होता. नवरा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अचानक गेला. दिवस झाल्यावर मुलगा एका पिशवीत पाच पासबुकं घेऊन माझ्याकडे आला. त्यातली दोन कितीतरी वर्षांत भरून घेतलेली नव्हती. मी म्हटलं, आधी बँकेत जा आणि सगळी भरून आण. भरून आणल्यावर एका पासबुकात दरवर्षी मे महिन्यात ४३६ रुपये कापल्याची ओळ दिसली. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची होती, दोन लाखांचा विमा. बापाने बँकेत कधीतरी फॉर्मवर सही केली होती आणि घरी एक अक्षर बोलला नव्हता. त्या एका ओळीमुळे बाईंना दोन लाख मिळाले. गंमत म्हणजे दुसऱ्या बँकेच्या पासबुकातही तीच ओळ होती! पण या योजनेत माणसामागे विमा दोन लाखांचाच. दोन खात्यांतून हप्ता कापला गेला म्हणून चार लाख मिळत नाहीत, दुसरा हप्ता वाया जातो. पसारा वाढवून संपत्ती वाढत नाही ती अशी.

ही झाली सापडलेली गोष्ट. न सापडलेल्यांचा हिशेब रिझर्व्ह बँक ठेवते. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी बँकांनी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करायच्या, असा नियम २०१४ पासून आहे. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. (आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. गणित शिकवलेल्या माणसालाही तो एकदम कळत नाही.) हे पैसे चोरीचे नाहीत, काळे नाहीत. कुणीतरी पोटाला चिमटा घेऊन बाजूला टाकलेले आहेत आणि कुणाला सांगायचं राहून गेलं आहे. ते शोधायला ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल निघालं. बुडाले असं समजू नका, वारसाने मागितले तर आजही मिळतात. पण पतसंस्था त्या पोर्टलवर नाहीत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तेही नाही. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत मल्टीस्टेटवाल्यांच्या दाराला कुलपं लागली, तेव्हा बापाने तिथे किती ठेवले होते हे पोरांना रांगेत उभं राहिल्यावर कळलं.

जमिनीचंही तेच. एप्रिल २०२५ पासून सरकारला राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. नाव ऐकून मला आधी हसू आलं. नंतर आलं नाही. मेलेल्या माणसांची नावं सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं तशीच होती म्हणून तलाठ्याला चावडीवर वाचन करून विचारावं लागलं की बाबांनो, यातला कोण हयात आहे? आजोबा गेले, बाप गेला आणि नातू आजोबांच्या नावच्या रानात पेरणी करतोय. कर्ज काढायला गेला की बँक विचारते, तुझं नाव कुठे आहे?

२०२३ च्या सप्टेंबरात आमच्याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीला जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आरक्षणाच्या बाजूने की विरोधात, त्यात मी इथे शिरत नाही. पण त्यानंतर मराठवाडाभर पणजोबांचे कागद शोधायची धावपळ उडाली ती मी पाहिली आहे. निजामाच्या काळचे कागद उर्दूत, काही मोडीत, वाचणारा माणूस मिळेना. लोक शाळांमध्ये प्रवेशाची जुनी रजिस्टरं बघायला येत होते. जे घराने जपायचं ते मास्तराच्या रजिस्टरात सापडत होतं!

आता रागावलेल्यांचे मुद्दे घेतो. मला ते पाठ आहेत.

पहिला: "मरणाच्या गोष्टी काढू नयेत, अशुभ असतं." यावर मी वाद घालत नाही. जिवंतपणीच्या गोष्टी काढा म्हणतो. तुम्ही उद्या दवाखान्यात भरती झालात आणि आठ दिवस शुद्धीवर नसलात, तर पैसे कुठून काढायचे ते कोण सांगणार?

दुसरा: "भावकीला कळलं तर डोळ्यावर येतं." भावकीला सांगा असं कोण म्हणतंय? बायको भावकीत मोडते का?

तिसरा: "तिला त्यातलं काय कळतं!" हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. जी बाई चाळीस वर्षं दुधाचा, किराण्याचा, बचत गटाचा हिशेब पै-पैशासकट सांगते, तिला पासबुक कळणार नाही? कळू द्यायचं नसतं, एवढंच. आणि याची दुसरी बाजू फार वाईट आहे. आमच्या मराठवाड्यात शेतकरी जीव देतो, आणि नवऱ्यावर कर्ज किती होतं, कुणाचं होतं, हे कितीतरी बायकांना त्यानंतर दारात आलेल्या माणसांकडून कळतं. बापडा एकटाच ओझं घेऊन फिरत होता. सांगितलं असतं तर कर्ज कमी झालं नसतं, पण ते दोघांचं झालं असतं.

चौथा मुद्दा म्हाताऱ्यांचा लाडका: "नटसम्राट पाहिलं नाही का? अप्पासाहेब बेलवलकरांनी सगळं पोरांना दिलं आणि काय गत झाली?" शिरवाडकरांचं ते नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या बापांना ते पुरून उरलंय. पण बेलवलकरांनी इस्टेट देऊन टाकली होती. मी देऊन टाका म्हणत नाही, सांगून ठेवा म्हणतोय. देणं आणि सांगणं यांतला फरक चौथीच्या पोरालाही कळतो.

पाचवा मुद्दा आमच्या पोरांचा: "आबा, आता सगळं मोबाईलमध्ये असतं." असतं ना. मोबाईलला कुलूप कुणाच्या बोटाचं? ट्रंक पत्र्याची होती, आता काचेची झाली. पुण्यात बसलेल्या सुनेलाही नवऱ्याच्या म्युच्युअल फंडांची नावं माहीत नाहीत, मी विचारून बघितलंय.

झाकलेल्या कागदांत सगळ्यात आधी मुलगी मारली जाते, हे मात्र कुणी बोलत नाही. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच आहे, २००५ ला बाप हयात असण्याचीही गरज नाही. पण मालमत्ता आहे किती हेच माहीत नसेल तर हक्क कशावर सांगणार? मग एक दिवस भाऊ गाडी घेऊन येतो, ताईला साडी नेसवतो आणि रजिस्ट्री ऑफिसात हक्कसोडपत्रावर सही घेतो. तिने खुशीने सोडला तर तो तिचा प्रश्न. पण काय सोडते आहे ते तरी तिला कळू द्या!

आमच्या घरी मी काय केलं ते थोडक्यात सांगतो. खाती दोनच ठेवली, एक पेन्शनचं आणि एक शेतीचं. दोन्ही सौ.च्या नावाने जोडखाती. बाकीची बंद केली. (खातं उघडायला दहा मिनिटं लागतात आणि बंद करायला तीन चकरा. एका ठिकाणी मला "कशाला बंद करता गुरुजी, राहू द्या ना" असं चार वेळा ऐकावं लागलं.) पिग्मी बंद, पावत्या एका जागी. आणि दोनशे पानी वही. तिच्यात खात्यांचे नंबर, पेन्शनच्या आदेशाचा नंबर, गट नंबर, विहिरीतला वाटा, कुणाकडून येणं, कुणाचं देणं. पासवर्ड नाहीत, ते वेगळे ठेवले आहेत. दर पाडव्याला ही वही मोठ्याने वाचायची, मुली फोनवरून ऐकतात. पहिल्या वर्षी वाचन झालं तेव्हा "१९९८ साली तुमच्या भावाला इतके दिले होते?" यावरून दोन दिवस अबोला झाला. झाला तर झाला. तो अबोला मी हयात असताना झाला, तिला उत्तर द्यायला मी समोर होतो.

आणखी एक. बँकेत नॉमिनी लावला की झालं, असं समजून लोक निवांत होतात. बँक नॉमिनीच्या हातात पैसे देते ते सोयीसाठी. त्याने इतर वारसांचा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत हे १९८३ सालीच सांगितलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबतही तेच सांगितलं. विम्यात २०१५ नंतर आई-वडील, नवरा-बायको आणि मुलं नॉमिनी असतील तर वेगळा नियम आहे. म्हणून नॉमिनी लावा, पण मृत्युपत्रही करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेलं चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी केली तर उत्तम.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यात लिहिता येतो, बेरीज शंभर आली पाहिजे. मी फॉर्म आणला आहे. सौ.चं म्हणणं आहे की तिला चाळीस आणि तिन्ही लेकरांना वीस-वीस. थोरली म्हणते, आईला शंभर लिहा, आमचं आम्ही बघू. धाकट्याने अजून काही मत दिलेलं नाही. तो रविवारी येतोय, तोवर फॉर्म टेबलावर पेपरवेटखाली आहे.