चुन्याच्या रेषा आणि पहिलं घर

वयाच्या साठाव्या वर्षी माणूस आयुष्यातलं पहिलं घर घेतो, हे पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना जरा नवल वाटेल. नंदिनी नगरमध्ये मात्र हे नेहमीचं आहे.

भिलाईच्या उत्तरेला, अहिवाऱ्याजवळ हे नगर वसलं ते चुनखडीच्या खाणीमुळे. भिलाई इस्पात संयंत्राची पहिली भट्टी १९५९ मध्ये पेटली आणि तिला लागणारी चुनखडी नंदिनीहून जाऊ लागली. खाणीबरोबर क्वार्टर आले, शाळा आली, दवाखाना आला. वर्धा, भंडारा, नागपूर, अमरावतीकडची कितीतरी मराठी माणसं भिलाईत नोकरीला आली, तशी इथेही आली. तीस-पस्तीस वर्षं कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहिली. नळ गळला तर कंपनीला सांगायचं, वीज गेली तर कंपनीला सांगायचं. घराचा कागद कसा असतो, हे पाहायची वेळच आली नाही.

मग निवृत्ती येते. क्वार्टर सोडायची तारीख ठरते. हातात पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम येते, आणि ज्यानं कधी जमिनीचा उतारा पाहिला नाही असा माणूस आयुष्यभराची पुंजी घेऊन बाजारात उतरतो. त्याच्यासमोर पहिला उभा राहतो तो दलाल. आजच्या भाषेत एजंट. या महिन्याचा लेख त्याच्याबद्दल आहे. चांगला असला तर तो घरच्या माणसासारखा उपयोगी पडतो. वाईट असला तर पस्तीस वर्षांची कमाई एका दुपारी जाते.

काकांची गोष्ट

आमच्या ओळखीतले एक काका गेल्या वर्षी निवृत्त झाले. मुलगी नागपूरला, मुलगा हैदराबादला. काकूंचं म्हणणं एकच होतं, "आता जिथे राहू ते आपलं असू द्या." कुणीतरी एका एजंटाचा नंबर दिला. त्यानं गाडीतून नेलं, चहा पाजला आणि एक माळरान दाखवलं. मुरुमाचा नवा रस्ता, चुन्यानं आखलेल्या रेषा, मधे एक बोर्ड. "बाराशे चौरस फुटांचे शेवटचे चारच प्लॉट उरलेत, काकाजी. उद्या भाव वाढणार."

काकांनी त्याच दिवशी ५१,००० रुपये रोख बयाना दिला. पावती मिळाली ती वहीच्या कागदावर.

दोन दिवसांनी काकूंच्या भिशीतल्या एका बाईंच्या पुतण्यानं तो कागद पाहिला. हाही एजंटच, पण वेगळ्या धाटणीचा. त्यानं खसरा नंबर विचारला, मोबाइलवर 'भुइयां' हे सरकारी पोर्टल उघडलं आणि शांतपणे म्हणाला, "काकाजी, ये तो अभी भी खेत है. यहां घर का नक्शा पास नहीं होगा."

त्या पोरानं त्या दिवशी एक रुपया कमावला नाही. उलट दोन तास घालवले. पण काकांचे पुढचे अठरा लाख वाचले. बयान्याच्या रकमेतले निम्मे पैसे पुष्कळ फेऱ्या मारल्यावर परत आले, निम्मे गेले ते गेलेच. चुनखडीच्या खाणीत उभं आयुष्य काढलेला माणूस, आणि त्यालाच चुना लागला, असं काका आता स्वतःच हसून सांगतात. तेव्हा मात्र आठ दिवस त्यांना झोप नव्हती.

कायदा एजंटाकडून काय मागतो?

रेरा कायदा २०१६ चा आहे. लोकांना वाटतं तो फक्त बिल्डरसाठी आहे. तसं नाही. त्यात एजंटाचीही कर्तव्यं लिहिलेली आहेत, आणि ती घर घेणाऱ्यानं माहीत करून घ्यावीत.

रेरात नोंदलेल्या प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकून द्यायचा असेल तर एजंटाचीही रेराकडे नोंदणी हवी. त्याचा नोंदणी क्रमांक प्रत्येक व्यवहारात लिहिला गेला पाहिजे. प्रकल्पाला नोंदणी आवश्यक असून ती नसेल, तर त्यानं तिथली विक्री करून द्यायचीच नाही. खोट्या सोयीसुविधा सांगायच्या नाहीत, ज्या सेवा द्यायच्या नाहीत त्यांची जाहिरात करायची नाही. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या कागदांचा हक्क आहे ते सगळे त्याच्या हातात पडतील हे पाहायचं. हिशेबाच्या वह्या ठेवायच्या. नोंदणीशिवाय धंदा केला तर दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

महाराष्ट्रात महारेरानं २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाच सक्तीची केली. छत्तीसगडचं रेरा प्राधिकरण रायपूरला आहे. त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्प आणि एजंट दोघांचीही नावं शोधता येतात. पाच मिनिटांचं काम आहे.

आता एक मुद्दा नीट लक्षात घ्या. "हे छोटं काम आहे, याला रेरा लागत नाही," असं हमखास ऐकायला मिळतं. कायद्यात सूट आहे ती ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंत सदनिकांना. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एका एकराचे प्लॉट पाडून विकणारा माणूस सुटीच्या मर्यादेच्या आठपट पुढे गेलेला असतो. त्याला नोंदणी लागतेच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एखाद्या माणसाचं राहतं जुनं घर विकत घेत असाल, तर तो व्यवहार रेरात येत नाही. तिथे एजंट नोंदलेला असला तरी त्या सौद्याला रेराचं संरक्षण नाही. अशा वेळी वकीलच लागतो.

नागपूरचे शब्द, दुर्गचे शब्द

घर घ्यायचं ठरलं की नागपूर-वर्ध्याचे नातेवाईक फोनवर सल्ला देतात, "सातबारा पाहून घ्या हं." इथे सातबारा नावाचा कागदच मिळत नाही, आणि मग माणूस एजंट दाखवेल त्या कागदावर विश्वास ठेवतो. म्हणून ही जोडी पाठ करून ठेवा.

• सातबाऱ्याच्या जागी इथे बी-१ आणि पी-२ (खसरा) हे कागद पाहायचे. दोन्ही 'भुइयां'वर दिसतात.
• तलाठ्याचं काम इथे पटवारी करतो.
• एनए म्हणजे इथलं डायवर्सन, शेतजमीन निवासी वापरासाठी बदलून घेणं.
• फेरफार म्हणजे नामांतरण.
• इसार म्हणजे बयाना.
• रेडी रेकनरचा दर म्हणजे गाइडलाइन दर.
• खरेदीखताला सगळे रजिस्ट्रीच म्हणतात.

काकांच्या प्लॉटची गोची डायवर्सनमध्ये होती. दुर्ग-भिलाईच्या आसपास शेत विकत घ्यायचं, मुरुम टाकायचा, चुन्यानं रेषा मारायच्या आणि तुकडे विकायचे, हा प्रकार जुना आहे. याला इथे 'अवैध प्लॉटिंग' म्हणतात. कॉलनी पाडायला परवाना लागतो, नगर तथा ग्राम निवेश विभागाकडून आराखडा मंजूर व्हावा लागतो, रस्ते-नाल्यांसाठी जागा सोडावी लागते. हे काही नसलं की प्रशासन एक दिवस येऊन तो मुरुमाचा रस्ता उखडून टाकतं. विकणारा तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. शिवाय २०२५ मध्ये राज्यानं ग्रामीण भागातल्या शेतजमिनीचे ५ डिसमिलपेक्षा लहान तुकडे पाडण्यावर बंदी आणली. ५ डिसमिल म्हणजे साधारण २,१७८ चौरस फूट. बाराशे फुटांचा 'शेतातला प्लॉट' त्यात सरळ अडकतो.

आणखी दोन जागा सांभाळायच्या. पहिली, आदिवासी खातेदाराची जमीन. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती बिगर आदिवासीला घेता येत नाही. दुसरी, लीजचं घर. भिलाईच्या सेक्टरांमध्ये संयंत्रानं लीजवर दिलेली घरं आहेत. लीज म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. असं घर कुणी नुसत्या मुखत्यारपत्रावर 'विकतो' म्हणाला, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०११ मधला सूरज लॅम्प खटल्याचा निकाल आठवा. मुखत्यारपत्रानं मालकी हस्तांतरित होत नाही.

चांगला एजंट कसा ओळखावा?

एजंटाला पैसे मिळतात ते सौदा झाल्यावर. त्यात काही पाप नाही, तो त्याचा पोटापाण्याचा धंदा आहे. पण म्हणूनच, सौदा मोडेल अशी गोष्ट जो स्वतःहून सांगतो तो खरा. तो पहिल्याच भेटीत विचारतो, "काकाजी, सगळी रक्कम घरात घालणार की दवाखान्यासाठी काही ठेवणार? पाण्याची काय सोय हवी? काकूंना जिना चालेल का?" तो घर सकाळी दाखवतो आणि पावसाळ्यातही एकदा दाखवतो. शेजाऱ्यांशी बोलू देतो. कागद मागितले की रुसत नाही.

आणि वकिलाकडे जायला तो स्वतः सांगतो. कर्ज काढून घर घेणाऱ्याला एक आयतं संरक्षण असतं. बँकेचा वकील कागद तपासतो, बँकेचा इंजिनिअर घर पाहून जातो. साठीला पोचलेल्या माणसाला मोठं कर्ज सहसा मिळत नाही, त्याला ते नकोही असतं. तो पूर्ण पैसे मोजून घेतो आणि त्यामुळे ही तपासणी कुणीच करत नाही. ज्याच्याकडे परत कमवायला वर्षं उरलेली नाहीत, त्याच्याच व्यवहारावर पहारा नसतो. म्हणून स्वतःचा वकील करा, मागच्या तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढा. वकील एजंटानं सुचवलेला नको, आपण शोधलेला असावा. वकिलाची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही.

एजंटाला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा.

१. तुमचा आणि प्रकल्पाचा रेरा नोंदणी क्रमांक काय? मुदत शिल्लक आहे ना?
२. खसरा नंबर कोणता? डायवर्सनचा आदेश आणि मंजूर नकाशा दाखवा.
३. तुमची दलाली किती, आणि विकणाऱ्याकडूनही घेणार आहात का?
४. सांगितलेला भाव चटई क्षेत्राचा की बिल्ट-अपचा? त्याबाहेर आणखी काय द्यावं लागेल?
५. सौदा फिसकटला तर बयाना किती दिवसांत परत मिळेल? हे करारात लिहाल का?

यातल्या एका प्रश्नालाही "ते नंतर पाहू" असं उत्तर आलं, तर उठून या.

पैसे देताना

जमीन-घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला बसतो. त्यामुळे कुणी रोखच मागत असेल तर तो कायदा मोडतोय हे त्यालाही ठाऊक असतं. पैसे चेकनं किंवा बँकेतून द्या, आणि ते मालकाच्या खात्यावर द्या. एजंटाच्या खात्यावर फक्त त्याची दलाली.

रेराच्या प्रकल्पात करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के त्यानं त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात. ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरनं विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा. चांगला एजंट हे तुम्ही विचारायच्या आत सांगतो.

रजिस्ट्री काकूंच्या नावे करता आली तर पाहा, छत्तीसगडमध्ये महिलांना मुद्रांक शुल्कात सवलत आहे. २०२५ पासून इथे रजिस्ट्रीबरोबरच नामांतरण आपोआप होण्याची सोय झाली आहे. तरीही महिन्याभरानं 'भुइयां' उघडून आपलं नाव चढलंय का ते डोळ्यांनी पाहा.

आणि फसलोच तर?

लाजून गप्प बसू नका. सुशिक्षित माणसंही फसतात. पावती, चॅट, बोर्डाचा फोटो, गाडीत दाखवलेलं पत्रक, सगळं जपून ठेवा. रेराच्या प्रकल्पाबाबत बिल्डर आणि एजंट या दोघांविरुद्धही रायपूरच्या प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. सरळसरळ फसवणूक असेल तर पोलिसांत जा. आणि मुलांना लगेच सांगा. काकांनी पहिले आठ दिवस मुलांपासून हे लपवलं. "त्यांना काय वाटेल" या विचारात ते आठ दिवस फुकट गेले.

काका-काकूंनी शेवटी घर घेतलं. जुनंच, दोन खोल्यांचं, तळमजल्यावर. दाखवलं त्याच पोरानं. त्याआधी त्यानं तीन घरं दाखवून "हे नको" म्हणून सांगितलं होतं. दलाली देताना काकांनी घासाघीस केली नाही. काकूंनी वर डबाभर अनारसे दिले.

तुमच्या घरात कुणी निवृत्तीला आलं असेल तर हा लेख त्यांच्या फोनवर पाठवा. आणि मुलांनो, नुसता पाठवू नका. एका रविवारी शेजारी बसून त्यांना 'भुइयां' उघडून दाखवा.