लक्ष कुठे होते?

माझे वडील भिवंडीजवळच्या एका गोदामात हमाली करतात. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अर्थशास्त्राच्या तासाला ‘भूमी, श्रम, भांडवल’ सुरू झाले, की ‘श्रम’ या शब्दापाशी मला वडिलांचा खांदा दिसतो.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या टोळीतल्या एका काकांच्या पायावरून फोर्कलिफ्टचे चाक गेले. पायाची दोन बोटे गेली. मुकादमाचा पहिला प्रश्न, “लक्ष कुठे होते?” घरी वडीलही तेच म्हणाले, आणि खरे सांगायचे तर मलाही ते पटले.

आता पटत नाही. फोर्कलिफ्टची वळणारी चाके मागे असतात. त्यामुळे ती वळली, की तिचा मागचा भाग झपकन बाहेर येतो. शेजारून चालणाऱ्याला त्याचा अंदाजच येत नाही. पुढच्या काट्यांवर उंच माल रचला, तर चालकाला समोरचे दिसत नाही. अशा वेळी गाडी मागे पाहत उलटी चालवावी, असा नियम आहे. शिवाय मालासकट तिचे वजन कित्येक टन. वडिलांना विचारले, “हॉर्न ऐकू येत नाही का?” ते म्हणाले, “दिवसभर वाजतोच की तो. ऐकायचा कोणता?” आठ तास ओझी वाहिलेल्या माणसापाशी ‘लक्ष’ उरणार तरी किती?

माणसांची वाट आणि गाडीची वाट वेगळी हवी. मध्ये कठडा हवा. तो नसेल, तर निदान पिवळा पट्टा. रंगाचा एक डबा काही महाग नाही. पण टोळीला पैसे मिळतात ट्रकमागे. ट्रक लवकर रिकामा करायचा, तर पट्ट्यावरून वळसा घालून कोण जाईल? या घाईत आपल्याच माणसांचाही वाटा आहे, हे लिहिताना मला संकोच वाटतो. पण ट्रकचा दर काही ती ठरवीत नाहीत.

महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांचा लढा होता, याचा आपण अभिमान बाळगतो. वडिलांच्या टोळीची मात्र माथाडी मंडळात नोंदणी नाही. काकांना औषधाचे पैसे मिळाले, बुडालेल्या रोजाचे नाहीत.

दीड महिन्याने ते कामावर परतले. धक्का तोच, गाडी तीच. पट्टा अजून कोणी आखलेला नाही.