पंचगंगेची पातळी 11 बाइटमध्ये मावते, मग फोटो कशाला फिरवायचा?

पावसाळा तापला की कोल्हापुरात प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच प्रश्न फिरायला लागतो: पाणी किती फुटांवर आलं? पाणी म्हणजे कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. 2021 च्या जुलैत त्याहूनही वर गेलं. 2024 च्या जुलैअखेर धोका पातळी पुन्हा ओलांडली.

आणि ही पातळी आपल्यापर्यंत पोचते कशी? बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर, कुठल्यातरी कागदाचा किंवा स्क्रीनचा फोटो म्हणून. दोन-तीनशे केबीचा फोटो, वरची तारीख कापलेली. गेल्या वर्षीचा आहे की आज सकाळचा, कळायला मार्ग नाही. त्यात पूर आला की वीज जाते, टॉवर बॅटरीवर येतात, नेट रांगायला लागतं. नेमकी माहिती हवी तेव्हा फोटो गोल गोल फिरत बसतो.

आपल्याला खरं तर तीनच गोष्टी हव्यात: कुठला बंधारा, पातळी किती, मोजली कधी. म्हणून एका सुट्टीत मी घरच्या लॅपटॉपवर एक छोटी सेवा बांधून पाहिली. जीआरपीसी वापरून. गूगलने हे तंत्र 2015 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, त्याआधी ते स्वतःच्या सर्व्हरांमध्ये असलंच काहीतरी वापरत होते. आरपीसी म्हणजे दूरच्या मशीनवरचं फंक्शन असं बोलवायचं, की जणू ते आपल्याच फोनमध्ये आहे. तुमचं ॲप "पातळी सांग" म्हणतं, सर्व्हर उत्तर देतो. पत्ता शोधणं, पॅकेट बांधणं, उघडणं हे सगळं मधला कोड करतो. तो कोड आपण लिहायचाही नसतो. एका साध्या फाइलमध्ये लिहायचं, की "पातळी" या संदेशात एक नंबरला बंधाऱ्याचा क्रमांक, दोन नंबरला इंच, तीन नंबरला वेळ. ही फाइल प्रोटोबफच्या कंपायलरला दिली की पायथन, गो, कोटलिन, ज्या भाषेत हवा त्या भाषेत कोड तयार.

आता गंमत बघा. हीच माहिती नेहमीच्या जेसनमध्ये लिहिली, म्हणजे चार छोटी इंग्रजी नावं, "राजाराम बंधारा" मराठीत आणि तारीख-वेळ अक्षरांत, तर मी मोजले ते 105 बाइट झाले. त्यातले 40 एकट्या "राजाराम बंधारा"चे. कारण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना-अनुस्वार वेगळे मोजले जातात. (मराठी एसएमएस 160 ऐवजी 70 चिन्हांतच संपतो, ते दुखणं याच्याच भावकीतलं.)

बायनरीत काय होतं? बंधाऱ्याचं नाव पाठवायचंच नाही, त्याचा क्रमांक पाठवायचा. नावांची यादी ॲपमध्ये आधीच ठेवायची: राजाराम 1, सुर्वे 2, रुई 3, असं. 39 फूट 4 इंच म्हणजे 472 इंच. प्रोटोबफ हा आकडा 128 च्या हिशेबात तोडतं: 472 म्हणजे 3 गुणिले 128, अधिक 88. आधी 88 जातो, "अजून एक येतोय" या खुणेसाठी त्यात 128 मिळवून 216 म्हणून, आणि मागून 3. झाले दोन बाइट. प्रत्येक रकान्याच्या आधी त्याच्या नंबरचा एक बाइट. बंधारा 2, पातळी 3, वेळ 6 बाइट. एकूण 11. त्यावर जीआरपीसीचे स्वतःचे 5. लय भारी वाटतं ना?

पण थांबा. फोन पहिल्यांदा सर्व्हरला जोडला जातो तेव्हा सुरक्षित कनेक्शनसाठी सर्टिफिकेट वगैरेची देवाणघेवाण होते, ती काही हजार बाइटची. म्हणजे दिवसातून एकदाच पातळी बघणाऱ्याला 105 चे 11 झाले काय आणि नाही काय, फरक पडत नाही. त्याच्यासाठी सर्व्हरवर ठेवलेली एक साधी जेसन फाइल पुरे आहे, आणि ती बांधायलाही सोपी. "बायनरी म्हणजे फास्ट" असं जे सरसकट सांगितलं जातं, ते मला म्हणूनच पटत नाही.

फायदा दिसतो तो कनेक्शन उघडं ठेवल्यावर. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी ठरलेल्या उंचीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत येतं. कुणी दर पाच मिनिटांनी जाऊन "उघडू का?" विचारत नाही. जीआरपीसीत स्ट्रीमिंग तसंच चालतं. ॲप एकदाच विचारतं, पुढे पातळी बदलेल तेव्हा सर्व्हर आपणहून कळवतो, दर वेळी मोजकेच बाइट. ॲप बंद असताना मात्र हे चालणार नाही. बॅटरी वाचवायला अँड्रॉइड असलं कनेक्शन टिकू देत नाही, तिथे नेहमीचं पुश नोटिफिकेशनच लागतं. ब्राउझरलाही जीआरपीसी थेट बोलता येत नाही. जीआरपीसी-वेब नावाचा प्रकार आणि मध्ये एक दुभाषा सर्व्हर ठेवावा लागतो. दहा जणांच्या गल्लीसाठी एवढा खटाटोप कुणी करू नये.

यापेक्षा मोठी काळजी वेगळीच आहे. प्रोटोबफच्या प्रोटो3 पद्धतीत साध्या आकड्याची किंमत शून्य असेल तर तो रकाना पाठवलाच जात नाही, आणि न आलेला रकाना समोरचा शून्य म्हणून वाचतो. म्हणजे पुरात सेन्सर वाहून गेला, वाचनच आलं नाही, तर ॲप शांतपणे दाखवणार: 0 फूट. शिरोळ तालुक्यात जनावरं सोडायची की नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला ही चूक परवडणारी नाही. उपाय एका शब्दाचा आहे. त्या रकान्यापुढे "ऑप्शनल" लिहायचं, म्हणजे "आकडा आलाच नाही" हे वेगळं कळतं, आणि मग स्क्रीनवर "माहिती उपलब्ध नाही" असंच दाखवायचं. प्रत्येक कॉलला मुदतही द्यायची. तीन सेकंदांत उत्तर नाही आलं तर शेवटची पातळी दाखवायची, पण कधीची ते ठळक लिहून.

दुसरी काळजी रकान्यांच्या नंबरांची. समजा पुढच्या वर्षी कुणी ठरवलं, की इंच नकोत, समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये पाठवू, आणि तोच दोन नंबर वापरला. सर्व्हरने 542 पाठवले. जुनं ॲप ते इंच समजून 45 फूट 2 इंच दाखवणार. धोका पातळीच्या वर! नदी इशारा पातळीलाच, आणि गल्लीत पळापळ. बायनरी संदेश डोळ्यांनी वाचून ही गफलत पकडता येत नाही, जेसनमध्ये निदान रकान्याचं नाव दिसतं. म्हणून नंबर एकदा वापरला की कायमचा त्याच अर्थाला, सोडला तर "रिझर्व्ह्ड" लिहून कुलूप.

2023 मध्ये सगळ्यांचे फोन अचानक कर्कश वाजले होते, आठवतं? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. त्यामागच्या "सचेत" यंत्रणेत इशारे कॅप नावाच्या, माणसालाही वाचता येणाऱ्या मजकुरी साच्यात लिहिले जातात. अनेक खात्यांनी, अनेक कंपन्यांनी तोच इशारा वाचायचा असेल तर मला तेच बरोबर वाटतं. बायनरी ठेवावं आपल्याच दोन मशीनच्या मध्ये.

माझ्या लॅपटॉपवरच्या सेवेत आजही आकडे मी हाताने टाकतो, बातमीत वाचून. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जलसंपदा विभागाची ताज्या नोंदींची यंत्रणा आहे. त्यातली राजाराम बंधाऱ्याची पातळी, मोजल्याच्या वेळेसकट, कुठल्याही ॲपला थेट उचलता येईल अशा फाइलमध्ये कायम एकाच पत्त्यावर मिळाली, तर कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना पुढचं काम एका आठवड्याचं आहे. ती फाइल जेसन असली तरी चालेल.